कोयत्याचें बिऱ्हाड

शाळेचा हजेरीपट हें इतिहासाचें एक साधन आहे असें कोणी मानीत नाहीं. बखरी, सनदा, ताम्रपट यांच्या पंगतींत त्याला कोण बसवील ? परंतु ज्यानें नांदेड जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांतून पस्तीस वर्षें मास्तरकी केली, त्याला विचाराल तर आमच्या मराठवाड्याच्या अलीकडील इतिहासाचें एक मोठें प्रकरण त्या लांबट, रेघा आंखलेल्या वहींतच लिहिलेलें आहे असें तो सांगेल. दसऱ्यापर्यंत त्या वहींत हजेरीच्या खुणा सरळ रांगेनें चालतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली म्हणजे कांहीं नांवांपुढें गैरहजेरी सुरू होते, ती चैत्रापर्यंत हटत नाहीं. चाळिसांच्या वर्गांत पंचवीसच मुलें उरलेलीं मीं पाहिलीं आहेत. बाकीचीं मुलें आजारी नसत, उनाडहि नसत. त्यांचे आईबाप ऊंस तोडावयास गेलेले असत, आणि घरीं भाकरी थापून देणारें कोणी नसल्यामुळें मुलेंहि त्यांच्याबरोबर गेलेलीं असत.

या ऊंसतोडीच्या बिऱ्हाडांची हकीकत मला आज सांगावयाची आहे.

तिचा आरंभ मराठवाड्यांत होत नाहीं. तो पश्चिमेस, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या मुलखांत होतो. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळांत दख्खनची रयत किड्यामुंगीसारखी मेली. पुन्हां असा प्रसंग आल्यास पिकाला आधार असावा म्हणून त्या वेळच्या सरकारनें कालव्यांचीं कामें हातीं घेतलीं. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. पुढें दारणेचें धरण झालें, आणि १९२६ सालीं प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. हेतु असा कीं, ओढीच्या वर्षीं ज्वारी-बाजरीला दोन पाणीं मिळावीं. तथापि पाणीपट्टी भरावयाची ती ज्वारींतून कशी निघणार ? कालव्याच्या कांठीं शेतकऱ्यानें ऊंस लावला, आणि दुष्काळी पिकासाठीं काढलेलें पाणी बारमाही पिकाच्या मुळाशीं जाऊन बसलें. हें कोणाच्या कपटानें झालें असें मी म्हणत नाहीं. हिशेबच तसा होता.

आरंभीं या उंसाचा गूळ होई. गुऱ्हाळाला रोजची तोड थोडी लागे, आणि ती गांवचीं माणसें सहज करीत. पुढें श्रीरामपूरजवळ हरिगांवीं बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. १९३२ सालीं परदेशी साखरेवर जबर जकात बसवून देशी धंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला, त्यासरशी पांच-सहा वर्षांत हिंदुस्थानांतील साखर कारखान्यांची संख्या तिसाच्या आसपास होती ती शंभरावर गेली. माळीनगर व वालचंदनगर हीं नांवें त्याच लाटेंतलीं. आतां कारखाना आणि गुऱ्हाळ यांत एक मोठा भेद आहे. गुऱ्हाळ चार दिवस थांबलें तर बिघडत नाहीं. कारखान्याची भट्टी एकदां पेटली म्हणजे हंगाम संपेपर्यंत ती विझवितां येत नाहीं. शिवाय तोडलेला ऊंस सुमारें चोवीस तासांच्या आंत चरकांत गेला नाहीं तर त्यांतील साखर उतरूं लागते. म्हणून कार्तिकापासून चैत्र-वैशाखापर्यंत, रात्र म्हणूं नये, थंडी म्हणूं नये, ताजा ऊंस दारांत येत राहिला पाहिजे. एवढे हात कालव्याच्या गांवांत नव्हते. ज्याच्या शेतांत पाणी आलें होतें तो शेतकरी तर स्वतः कोयता धरीनासा झाला होता.

प्रवरेच्याच कांठीं पुढें एक फार मोठी गोष्ट घडली. विठ्ठलराव विखे पाटील यांची जिद्द आणि धनंजयराव गाडगीळ यांचें अर्थशास्त्र यांच्या मिलाफानें लोणीस शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना निघाला आणि १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें पहिलें गाळप झालें. ऊंस पिकविणारा साखरेचा मालक झाला. या गोष्टीचें महत्त्व कमी लेखण्याची माझी इच्छा नाहीं. महाराष्ट्राच्या खेड्याला शाळा, रस्ते, दवाखाने तिनेंच दिले. पण सभासद कोण ? ज्याच्या शेतांत ऊंस तो. ज्याच्या हातांत कोयता, त्याला या सहकारांत कोठेंच जागा नव्हती. तोडणी आणि वाहतूक कारखान्यानें करवून घ्यावी आणि तिचा खर्च उंसाच्या भावांतून वळता करावा, अशी पद्धत पडली. त्यामुळें तोडणाऱ्याचा मालक नेमका कोण, शेतकरी कीं कारखाना कीं मुकादम, हा प्रश्न तेव्हांपासून लोंबकळत राहिला आहे, आणि अपघात झाला कीं तिघेहि एकमेकांकडे बोट दाखवितात.

हे हात कोठून आले ? प्रथम अहमदनगर जिल्ह्यांतील (आजचें अहिल्यानगर) व नाशिककडील कोरडवाहू तालुक्यांतून. नंतर मोठा ओघ सुरू झाला तो बालाघाटच्या डोंगरपट्ट्यांतून : पाथर्डी, जामखेड, आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, केज, वडवणी, आणि आमच्या बाजूस अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेड, लोहा. वंजारी, बंजारा, मराठा, धनगर, दलित, अशा सर्व जातींचीं कुटुंबें त्यांत आहेत. येथें एक गैरसमज दूर करावयास हवा. शहरांतील मंडळींस वाटतें कीं हे भूमिहीन भटके लोक असावेत. तसें नाहीं. त्यांच्यांतील पुष्कळांस दोन-चार एकर जमीन आहे. पण ती माळाची, हातभर मातीच्या खालीं मुरुम लागणारी. मृगाला बाजरी, तूर पेरावी, दसऱ्याला घरीं आणावी, आणि मग पुढच्या मृगापर्यंत त्या जमिनीला काम नाहीं. नेमक्या त्याच सहा-सात महिन्यांत कारखान्याला माणसें हवीं असतात. कुलपाला किल्ली बसावी तसा हा मेळ बसला.

भूगोलाच्या मास्तराला या ठिकाणीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मांजरा नदी याच बालाघाटांत, पाटोदा तालुक्यांत उगम पावते. निजामी राजवटींत या डोंगरपट्ट्याला तिच्या पाण्याचा उपयोग झाला नाहीं. १९२३ ते १९३१ या काळांत तिच्यावर जें मोठें धरण झालें तें खालीं निजामाबादेकडे, निजामसागर. आणि त्या पाण्यावरील उंसासाठीं बोधन येथें १९३७-३८ च्या सुमारास त्या काळीं नांवाजलेला साखर कारखाना निघाला. बोधन आमच्या बिलोली-देगलूरच्या सीमेलगतच आहे. २०१५ सालीं तो कारखाना बंद पडला. म्हणजे ज्या डोंगराची माणसें साखरेसाठीं परमुलखांत गेलीं, त्या डोंगराचें पाणी त्यांच्या आधींच साखरेसाठीं परमुलखांत गेलें होतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें. पुढें मराठवाडा महाराष्ट्रांत आला, गोदावरी-मांजरेवर धरणेंहि झालीं. पण डोंगरमाथ्यावर पाणी चढवावयाचें काम अवघड असतें, आणि तें बहुतेक राहूनच गेलें.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हां शाळकरी मुलगा होतों. खडी फोडण्याच्या कामावर बायकापुरुषांच्या रांगा आणि सुकडीचें वाटप मला चांगलें आठवतें. त्या दुष्काळानें रोजगार हमीला जन्म दिला, हें सर्वांस ठाऊक आहे. तिचा कायदा १९७७ सालचा. परंतु त्याच दुष्काळानें हजारों कुटुंबांस कारखान्याची वाट दाखविली, हें तितकेंसें बोललें जात नाहीं. एकदां गेलेलें बिऱ्हाड पुढच्या वर्षीं पाऊस चांगला झाला तरीहि गेलें, कारण मागल्या वर्षीचें कर्ज फिटलें नव्हतें. त्या दशकांत आणि त्यापुढें सहकारी कारखाने जिल्ह्याजिल्ह्यांत निघाले, आणि मागणी वाढतच गेली. आज महाराष्ट्रांत हंगामाला दोनशेंच्या आसपास कारखाने चालतात. तोडणाऱ्यांची संख्या आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत सांगितली जाते. नक्की गणती इतक्या वर्षांत झाली नाहीं, ही गोष्टच बोलकी आहे. आमचीं माणसें कर्नाटकांत जातात; आणि गुजराथेंत बारडोलीला १९५६ च्या सुमारास कारखाना निघाला तेव्हांपासून खानदेशची माणसें तिकडे जात आलीं आहेत.

आतां या व्यवस्थेची रचना पाहूं. कारखाना मुकादमाशीं करार करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो. मुकादम ती पावसाळ्यांतच गांवोगांव वांटतो. हिला उचल म्हणतात. अलीकडे ती पन्नास हजारांपासून लाखावरहि जाते. लग्न, आजारपण, बी-बियाणें, घराचें पत्रे, जी अडचण असेल तिच्यांत ती खर्च होते, आणि दसऱ्यानंतर ती अंगमेहनतीनें फेडावयाची असते. हिशेबाचें माप मात्र माणूस नाहीं. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसास अर्धा कोयता म्हणतात. उचल नवऱ्याच्या हातीं, अंगठा त्याचा, नांव त्याचें. बायको त्या कोयत्यांत गृहीत धरलेली. एक दिवस खाडा झाला तर तो कोयत्याचा खाडा, मग ती बाळंत झालेली कां असेना. मुकादमाला सरसकट राक्षस ठरविणें मला पटत नाहीं. तो बहुधा त्याच डोंगरावरला, त्याच भावकींतला असतो. टोळींतला कोणी उचल घेऊन पळाला तर कारखाना त्याचें रान काढून घेतो. पण वसुलीसाठीं माणसें डांबून ठेवल्याच्या बातम्या दरवर्षीं वर्तमानपत्रांत येतात, आणि त्या खोट्या नसतात.

फडाचा दिवस पहांटे तीनला सुरू होतो. बाईचा त्याहूनहि आधीं, कारण भाकरी करून घ्यावयाच्या असतात. पुरुष कोयत्यानें ऊंस बुडापासून छाटतो, पाचट उतरवितो, शेंडा उडवितो. बाई वाढ्याचा बंध वळून मोळी बांधते. कांहीं ठिकाणीं टायरच्या बैलगाड्या असतात, तेथें तोड आणि वाहतूक दोन्ही त्याच कुटुंबाची. जेथें ट्रक लागतो तेथें तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वर चढावें लागतें. दोघांनीं मिळून दिवसाला दीड-दोन टन तोड होते. ट्रक रात्रीं बाराला आला तर बाराला उठून भरावा लागतो. राहावयास पाचटाची किंवा चटईची कोप. तिच्यांत वांकूनच शिरावें लागतें. दिवा नाहीं, संडास नाहीं, प्यावयाचें पाणी शेतकऱ्याच्या विहिरीचें. उरलेलें वाढें जनावरांसाठीं विकून चार पैसे मिळतात, त्यांतून मीठमिरची येते. मोठी मुलगी असली तर ती धाकट्या भावंडाला सांभाळते; आठ-नऊ वर्षांची झाली कीं मोळ्या गोळा करूं लागते. माझ्या हजेरीपटांतून जीं नांवें नाहींशीं होत, त्यांचा दिवस असा जात असे.

साखरेच्या इतिहासांत असें दुसरीकडे कोठें घडलें काय, याचा शोध घेतांना मला अमेरिकेंतील एक हकीकत सांपडली. थंड देशांत ऊंस होत नाहीं. तेथें बीट नांवाच्या कंदापासून साखर काढतात. त्यांत साखर आहे हें १७४७ सालीं बर्लिनच्या मार्ग्राफनें दाखविलें. आतां रशियाची राणी कॅथरिन हिनें १७६३ सालीं जाहीरनामा काढून जर्मन शेतकऱ्यांस व्होल्गेच्या कांठीं वसविलें होतें आणि लष्करी नोकरींतून माफी दिली होती. शंभर वर्षांनीं ती माफी गेली, १८७४ सालीं सक्तीची लष्करभरती आली, तेव्हां हीं कुटुंबें अमेरिकेस निघालीं. नेब्रास्कांतील लिंकन या शहरांत त्यांची मोठी वस्ती झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं कोलोरॅडो आणि पश्चिम नेब्रास्का येथें बीटाचे कारखाने निघाले, आणि वसंत ऋतूंत हीं कुटुंबें मुलाबाळांसह आगगाडींतून बीटाच्या रानांत जाऊं लागलीं. परत येत तीं कंद निघाल्यावर, हिंवाळ्याच्या तोंडीं.

बीटाच्या एका बींतून अनेक रोपें फुटत. त्यांतील एक ठेवून बाकीचीं उपटावयाचीं, हें काम बारीक बोटांचें. म्हणून लहान मुलें गुडघ्यांवर रांगत ओळीच्या ओळी विरळ करीत. शरद ऋतूंत टोंकाला आंकडा असलेल्या सुऱ्यानें कंद उचलून त्याचा शेंडा छाटावयाचा. त्यांत बोटें कापत, मांड्या कापत. करार बापाच्या नांवें, आणि मजुरी एकरावर; अर्थात् ज्याच्या घरीं मुलें अधिक त्याला एकर अधिक. राहावयास रानांतील खोपटीं. शाळा सुरू झाल्यावर कित्येक आठवडे वर्ग ओस. १९१५ सालीं लुइस हाइन या छायाचित्रकारानें त्या मुलांचीं चित्रें घेतलीं. तीं पाहतांना मला क्षणभर वाटलें कीं हीं मुलें माझ्या वर्गांतलींच आहेत, फक्त कातडीचा रंग निराळा.

पुढें काय झालें ? या जर्मन कुटुंबांपैकीं पुष्कळांनीं पै पै सांठवून तेथेंच जमिनी खंडानें घेतल्या, मग विकत घेतल्या, आणि एका पिढींत मजुरांचे शेतकरी झाले. त्या जमिनींस पाणी होतें. त्यांच्या खोपटांत मेक्सिकोचीं कुटुंबें येऊन राहिलीं. काम तेंच, सुरा तोच. १९३७ च्या साखर कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलास राबविणाऱ्या शेतकऱ्याचें सरकारी अनुदान कापण्याची तरतूद केली. आणि १९४८ सालीं सावित्स्की या शास्त्रज्ञाला एकाच रोपाची बी देणारीं बीटाचीं झाडें सांपडलीं, त्यापुढें तें रांगण्याचें काम हळूहळू नाहींसेंच झालें. आमच्या तोडणाऱ्याची गोष्ट येथें वेगळी पडते. त्याची जमीन त्याच्याजवळच आहे. ती सोडून तो दुसरीकडे मालक होऊं शकत नाहीं, आणि तिच्यावर राहूनहि जगूं शकत नाहीं. म्हणून त्याच्या तीन पिढ्या एकाच रस्त्यानें जातात आणि येतात.

आमच्याकडे कांहींच झालें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनीं या लोकांस संघटित केलें. कोयता बंद ठेवून दर वाढवून घेण्याची रीत पडली, आणि २०२४ च्या आरंभीं झालेल्या करारांत दर शेंकडा ३४ नें वाढले. मागल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या; तत्कालीन औरंगाबादच्या जनार्थ संस्थेचें त्यांतील काम मोठें आहे. २०१९ सालीं ऊंसतोड कामगारांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें महामंडळ स्थापन झालें, आणि २०२१ सालीं संत भगवानबाबांच्या नांवानें ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजना निघाली.

परंतु त्याच २०१९ सालीं जी गोष्ट उजेडांत आली तिनें महाराष्ट्राची मान खालीं गेली. बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठीं सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. ब्यायशीं हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं, पुष्कळांचीं ऐन तरुण वयांत. ओझें, अस्वच्छता, आजाराकडे दुर्लक्ष, आणि दवाखान्यांचा लोभ, सर्वच कारणें त्यांत होतीं. खाड्याचा दंड भरण्यापेक्षां दुखणेंच काढून टाकलेलें बरें असें त्या बायकांस वाटावें, हेंहि त्यांत होतें. सुशिक्षित घरांतील श्रोत्यांपुढें हा विषय काढावा कीं नाहीं याचा मीं विचार केला, आणि काढला.

आतां माझा स्वतःचा एक अपराध सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं, ज्या शाळेंत मी होतों तिचें नांव येथें घेत नाहीं, एक बाई दिवाळीच्या आधीं माझ्याकडे आली. काखेंत तान्हें, हातांत मुलाचें बोट. म्हणाली, "गुरुजी, लेकराचं नाव नका काढू. पाडव्याच्या आधी येताव आम्ही." मीं होय म्हटलें. पुढें पटपडताळणी आली. सतत गैरहजर मुलाचें नांव पटावर ठेवल्याबद्दल जाब देण्याचें धैर्य मला झालें नाहीं, आणि मीं तांबड्या शाईनें तें कमी केलें. पाडव्याला पोरगा आला, त्याला पुन्हां त्याच इयत्तेंत घातलें. असा तो तिसरींत तीन वर्षें बसला. चौथ्या वर्षीं आला नाहीं.

मी राहतों त्या विष्णुपुरीस गोदावरीवर बांध आहे. त्याच्या पाठीमागें शंकरसागराचें पाणी पसरलें आहे, आणि उपसा करून दिलेल्या त्या पाण्यावर आमच्याहि शिवारांत ऊंस उभा असतो. गेल्या हंगामांत फिरावयास गेलों असतां एका फडांतून कोणीतरी "गुरुजी" म्हणून हांक मारली. मीं त्याला ओळखलें नाहीं. त्यानें मला ओळखलें होतें. तोच तो तिसरींतला मुलगा. कानशिलावर केस पिकलेले. त्यानें बायकोला बोलावलें, खिशांतून ग्रामपंचायतीचीं दोन ओळखपत्रें काढून दाखविलीं : एक त्याचें, एक तिचें. मुलगी सातवींत आहे, वसतिगृहांत राहते, असें सांगितलें. मग प्लॅस्टिकच्या पिशवींतून वजनाच्या चिठ्ठ्यांची चळत काढून म्हणाला, "एवढी बेरीज करून द्या गुरुजी, मुकादमाची अन् माझी जुळंना."

वाढ्याच्या ढिगावर बसून मीं बेरीज केली, दरानें गुणिली, उचल वजा केली. आकडा ऐकून तो कांहीं बोलला नाहीं. बायको इतका वेळ मोळी बांधीत होती, ती हात न थांबवितां म्हणाली, "आन् यात माझं किती, गुरुजी ?"

चिठ्ठीवर कोयत्याचा आकडा होता. मीं त्याला दोहोंनीं भागलें आणि तिला सांगितलें.